घरच्या सिमसाठी छोटं विमान: वॉरियर, १७२ की थेट कोमँची?

सागरगड

नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०, स्टँडर्ड आवृत्ती, पीसीवर. आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो जॉयस्टिक. पेडल नाहीत, थ्रॉटल क्वाड्रंट नाही, आणि यंदा तरी घेणार नाही.

उड्डाणं बहुतेक सह्याद्रीच्या आसपास. जुहू ते पुणे, पुणे ते कोल्हापूर, कधी खाली गोव्यापर्यंत. जीपीएसच्या रेषेवरून जायचं नाहीये. नकाशा, होकायंत्र, व्हीओआर (दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) आणि घड्याळ एवढ्यावर जमलं पाहिजे. त्यामुळे गोल गेजवालं विमान हवंय, काचेचा (स्क्रीनवाला) कॉकपिट नको.

बजेट एकाच विमानाचं. यादीत तीन नावं उरलीत: जस्ट फ्लाइटचं पायपर वॉरियर २, सेस्ना १७२ साठी डब्ल्यूबीसिमचं एन्हान्समेंट, आणि ए२ए चं कोमँची २५०. यातलं कोणतं घ्यावं? सिममधल्या मार्केटप्लेसवरून घ्यावं की बनवणाऱ्याच्या साइटवरून? सिमच्या २०२४ च्या आवृत्तीवर जाईपर्यंत थांबावं का? आणि मावसभाऊ पुढच्या वर्षी सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) गोंदियाला जायचं म्हणतोय, त्याला हेच विमान सरावाला चालेल का?

डावा मॅग्नेटो

तुमचा निम्मा निर्णय जॉयस्टिकनेच घेऊन टाकलाय. एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोला एकच स्लायडर, बारा बटणं, एक हॅट आणि मूठ पिळून मिळणारा रडर. कोमँचीला थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) अशी तीन स्वतंत्र नियंत्रणं, वर आत जाणारी चाकं. स्लायडर थ्रॉटलला दिला की उरलेली दोन बटणांवर किंवा माउसवर. चढताना मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) २५ इंच आणि २५०० आरपीएम लावायचं, मग उंची वाढेल तसं प्रेशर सांभाळायचं, मिक्श्चर पातळ करायचं, आणि यातलं प्रत्येक काम बटण दहादा दाबून. शक्ती कमी करताना आधी थ्रॉटल मग प्रोपेलर, वाढवताना आधी प्रोपेलर मग थ्रॉटल, हा क्रम माउसने पाळताना नजर बाहेर राहतच नाही. विमान उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण एका स्लायडरवर ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

उरली दोन. डब्ल्यूबीसिमचं एन्हान्समेंट सिममधल्या मूळ विमानावर चढतं, स्वतः विमान घेऊन येत नाही. २०२० च्या स्टँडर्डमध्ये जी१००० वाली, म्हणजे काचेच्या कॉकपिटची १७२ आहे. गोल गेजवाली १७२ डिलक्सपासून वर मिळते. म्हणजे तुम्हाला हवी ती १७२ हवी असेल तर आधी आवृत्ती वाढवा, मग एन्हान्समेंट घ्या. दोन्हींची बेरीज करून बघा, वॉरियर स्वस्त पडेल अशी शक्यता बरीच.

वॉरियर २ म्हणजे पीए-२८-१६१. लायकमिंग ओ-३२० इंजिन, १६० अश्वशक्ती, ठराविक पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) पंखा, न हलणारी चाकं. थ्रॉटल स्लायडरवर, मिक्श्चर दोन बटणांवर, झालं. पुढचं चाक थेट रडरला जोडलेलं, त्यामुळे मूठ पिळून टॅक्सी (जमिनीवर विमान चालवणं) नीट होते. पेडल नसणाऱ्याला हा मोठा फायदा आहे आणि विक्रीच्या पानावर तो कुणी लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र वॉरियरच्या विरोधात. पंख खाली. तुम्ही किल्ले, नद्या आणि रेल्वेमार्ग बघत जाणार, आणि नेमकं बघायचं ते पंखाखाली जाणार. १५२ किंवा १७२ चा पंख वर असल्याने खालचं सगळं मोकळं दिसतं. वळताना मात्र आतल्या बाजूचा पंख खाली येऊन वळणाची दिशाच झाकतो. नकाशावरून जायचं असेल तर मी उंच पंखाला झुकतं माप देईन.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम करा. स्टँडर्डमध्ये सेस्ना १५२ आहेच. गोल गेज, कार्ब्युरेटर, व्हीओआर, उंच पंख. तुम्ही मागितलेलं जवळजवळ सगळं त्यात आहे. महिनाभर तेच उडवा आणि ते नेमकं कुठे कमी पडतं ते लिहून काढा. ती यादी हातात आली की कोणतं ॲड-ऑन घ्यायचं हे विचारावं लागणार नाही. वेग कमी वाटतोय, चौघांचं वजन न्यायचंय, इंजिन फार सोशिक वाटतंय, यातल्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर वेगळं विमान आहे.

बटणांची वाटणी सुचवतो: ट्रिम (नाकाचा कल हात न लावता टिकवणारं) वर-खाली दोन, फ्लॅप वर-खाली दोन, मिक्श्चर घट्ट-पातळ (इंधन जास्त-कमी) दोन, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) एक, इंधन पंप एक, पार्किंग ब्रेक एक, ट्रिगरवर दोन्ही ब्रेक. हॅट नजरेसाठी मोकळा ठेवा. सेन्सिटिव्हिटीत पिच आणि रोल उणे ३० च्या आसपास, मुठीच्या पिळाला ५ टक्के डेड झोन. सहाय्याच्या यादीतलं ऑटो-रडर बंद. ते चालू ठेवून लहान विमान घेण्यात अर्थ नाही.

कार्ब हीट

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त ‘कुठे कमी पडतं ते लिहून काढा’ म्हणजे नक्की काय तपासायचं ते सांगतो. ॲड-ऑनचे व्हिडिओ बघताना कातड्याच्या सीटा आणि काचेवरचे ओरखडे बघू नका. पैसे इंजिन, वीज आणि हवेतल्या वागणुकीचे द्यायचे.

पहिली चाचणी जमिनीवर. १५२ ला १७०० आरपीएम, १७२ एसला (१७२ चाच एक प्रकार) १८०० आरपीएम लावा आणि मॅग्नेटो (ठिणगी देणारी दोन यंत्रं) एकेक करून तपासा. पुस्तकानुसार १५२ मध्ये घट १२५ च्या आत, १७२ एसमध्ये १५० च्या आत, आणि दोन मॅग्नेटोंच्या घटीतला फरक ५० च्या आत. साध्या विमानांत दर वेळी अगदी तोच आकडा येतो. झिजेचा हिशेब ठेवणाऱ्या विमानांत तो हलतो. घट्ट मिक्श्चरवर दहा मिनिटं मंद गतीने टॅक्सी केली तर स्पार्क प्लगवर काजळी धरते, मॅग्नेटो तपासताना इंजिन थरथरतं. उपाय खऱ्या विमानासारखाच: १८०० ते २००० आरपीएम, मिक्श्चर पातळ करत न्या, काजळी जळू द्या, पुन्हा तपासा. हे घडवणारं विमान हवं असेल तर ए२ए चं नाव यादीत येणारच. तुम्ही गेल्या वेळी इंजिन कसं वापरलं ते कोमँची लक्षात ठेवतं आणि पुढच्या उड्डाणाला हिशेब मागतं.

दुसरी चाचणी हवेत. ट्रिम लावून सरळ उडवा, थ्रॉटलला हात न लावता नाक खाली करा. ठराविक पिचच्या पंख्याचं आरपीएम वेगाबरोबर वाढलं पाहिजे. काटा चिकटून बसला तर इंजिन आणि हवा यांची गाठच पडलेली नाही असं समजा. मग हात सोडा: विमानाने नाक वर-खाली करत, प्रत्येक झोक्यात थोडं कमी होत, ट्रिमच्या वेगावर परत यावं.

तिसरी, उतरण. १७२ एस ६८ नॉटवर, थ्रॉटल पूर्ण मागे, फ्लॅप नाही. पुस्तकातल्या आलेखानुसार हजार फुटांत सुमारे दीड सागरी मैल, म्हणजे मिनिटाला ७५० फुटांच्या आसपास घसरण. विमान ४०० फुटांनी तरंगत राहिलं तर त्यावर शिकलेलं फोर्स लँडिंग (इंजिन बंद पडल्यावरचं उतरणं) कामाचं नाही.

चौथी, वीज आणि व्हॅक्यूम. ऑल्टरनेटर बंद करा. १७२ एसमध्ये व्होल्टेज २८ वरून २४ कडे यायला हवं, आणि दिवे-रेडिओ चालू असतील तर पुढे आणखी घसरायला हवं. बहुतेक मूळ विमानांत ते घसरतं खरं, पण उपकरणं एकदम सगळी मरतात. ब्लॅक स्क्वेअरची विमानं इथे भारी पडतात. प्रत्येक ब्रेकर जिवंत असतो आणि कोणतं यंत्र विजेच्या कोणत्या बसवर (वाहिनीवर) आहे याला अर्थ असतो. त्यांच्या बोनान्झा-बॅरनला तुमच्या एका स्लायडरची तीच अडचण येईल, ते वेगळं. काही गेज फिरवणारा व्हॅक्यूम पंप गेला तर कृत्रिम क्षितिज आणि हेडिंगचा काटा सावकाश कलंडावा, टर्न कोऑर्डिनेटर मात्र विजेवर असल्याने चालू राहावा. हेडिंगचा काटा तसाही हळूहळू सरकत जातो. नकाशावर जाणाऱ्याने दर पंधरा मिनिटांनी सरळ, समतल उड्डाणात तो होकायंत्राशी जुळवून घ्यावा. काही विमानांत हे सरकणं मुळातच बंद असतं, आणि सेटिंगमध्ये शोधलं तर चालू करता येतं.

उन्हाळ्याची चाचणी आपल्याकडे फार उपयोगी. पुणे विमानतळाची उंची १९४२ फूट. तिथे प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात ४० अंश असेल तर फरक २९, त्याला १२० ने गुणलं की जवळपास ३५०० फूट, म्हणजे प्रमाण दाब धरून डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) सुमारे ५४०० फूट. समुद्रसपाटीला पूर्ण वजनाची १७२ एस मिनिटाला ७३० फूट चढते, इथे ५०० च्या आसपासच चढायला हवी. चढण तेवढी घटत नसेल तर वजनाचा किंवा हवेचा हिशेब कुठेतरी चुकलाय. तपासण्याआधी इंधन आणि प्रवासी भरून वजन २५५० पौंडांपर्यंत न्यायला विसरू नका. सिममध्ये बहुतेक जण एकटेच अर्ध्या टाकीवर उडतात आणि विमान रॉकेटसारखं चढतं म्हणून तक्रार करतात.

धावपट्टी २७

मावसभावाचा प्रश्न वेगळा ठेवा. गोंदियाला बिरसीच्या विमानतळावर जी संस्था आहे तिथे डायमंड डीए ४० आणि डीए ४२ वापरतात. प्रवेश पक्का झाला की ताफ्यात नेमकं कोणतं इंजिन आणि कोणती एव्हियॉनिक्स (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) आहे ते संस्थेलाच विचारून घ्यावं, कारण डीए ४० चे बरेच प्रकार आहेत. वॉरियरवर घोटलेल्या हातांच्या सवयी तिथे फारशा उपयोगी पडत नाहीत.

डीए ४० एनजी तुमच्या स्टँडर्ड आवृत्तीत आहेच. ऑस्ट्रो एई ३०० डिझेल इंजिन, १६८ अश्वशक्ती, जेट ए-१ इंधन, आणि शक्तीसाठी एकच दांडा. मिक्श्चर नाही, प्रोपेलरचा दांडा नाही, कार्ब हीट नाही. एका स्लायडरला याहून सोयीचं काही नाही. पण एक मेख आहे: डीए ४० चं पुढचं चाक मोकळं फिरतं, रडरला जोडलेलं नसतं. हळू वेगात वळायचं तर एका बाजूचा ब्रेक लागतो. पेडल नसतील तर डावा ब्रेक आणि उजवा ब्रेक दोन वेगळ्या बटणांवर द्या, नाहीतर टॅक्सीवेवर विमान बैलासारखं अडून बसेल. वेग आला की रडर पुरतो.

यापेक्षा खोल हवं असेल तर सीओडब्ल्यूएसची डीए ४० आणि डीए ४२ आहेत. इंजिनाची झीज, सुरू करण्याचे बारकावे, सगळं त्यांत पुष्कळ बारकाईने केलंय. पण शिकाऊ माणसाने आधी पैसे पेडलवर घालावेत. उड्डाण घेताना उजवा पाय, वळताना टर्न कोऑर्डिनेटरमधला चेंडू मध्यात, क्रॉसविंडला (आडव्या वाऱ्यात) नाक धावपट्टीच्या रेषेत. मूठ पिळून हे हाताला शिकवलं जातं, पायाला नाही. आणि ते त्याला पुढे पायानेच करायचंय.

सिममध्ये चांगलं शिकता येतं ते म्हणजे चेकलिस्टचा क्रम, जी१००० ची पानं, रेडिओवरची वाक्यं आणि पॅटर्नची (उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायच्या फेऱ्याची) भूमिती. सिममध्ये वाईट लागते ती सवय म्हणजे नजर गेजवर खिळणं. घरी सराव करताना वेग आणि उंचीची गेज अधूनमधून कागदाने झाकून, क्षितिजाच्या रेषेवरून विमान सांभाळायला सांगा. मॉनिटरवर चिकटचिठ्ठी लावली तरी चालते.

हँगर चावी

मार्केटप्लेस की बाहेरून, त्याबद्दल.

मार्केटप्लेसची फाईल कुलूपबंद असते, आतलं काही बदलता येत नाही आणि बनवणाऱ्याने दुरुस्ती काढली तरी ती तपासणीतून उशिरा पोहोचते. उलट, बसवणं-काढणं सोपं. बनवणाऱ्याच्या साइटवरून घेतलं तर दुरुस्त्या लवकर मिळतात, फोल्डर उघडून बघता येतं, रेडिओचे मोड (इतरांनी बनवलेल्या भर) जोडता येतात. परकीय चलनात पैसे द्यायचे असल्याने कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, आणि बँक वर किती टक्के लावते, ते आधी बघा. डाउनलोडचे पैसे परत मिळतील हे गृहीत धरू नका. सणासुदीला सवलती येतात, घाई नसेल तर थांबा.

बसवताना गाडी जिथे अडते त्या जागा ठरलेल्या आहेत.

बाहेरून घेतलेली विमानं ज्यात टाकायची तो कम्युनिटी फोल्डर सापडत नसेल तर यूजरसीएफजी डॉट ऑप्ट ही फाईल नोटपॅडमध्ये उघडा. शेवटच्या ओळीत पॅकेजेसचा पत्ता असतो, त्याच्या आत कम्युनिटी. स्टीमची आणि स्टोअरची जागा वेगळी आहे म्हणून व्हिडिओत दाखवलेला पत्ता तुमच्याकडे नसेलही.

झिप सोडवली की फोल्डरात फोल्डर तयार होतो. कम्युनिटीतल्या विमानाच्या फोल्डरवर टिचकी मारताच मॅनिफेस्ट डॉट जेसन आणि लेआउट डॉट जेसन समोर दिसले पाहिजेत. आणखी एक दार उघडावं लागत असेल तर सिमला ते विमान दिसणार नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही, यादीत विमानच नसतं.

विमान दिसतंय पण काही भाग गुलाबी किंवा कोरे दिसतायत: बहुतेक वेळा पत्ता फार लांब झालेला असतो. विंडोजमध्ये पत्त्याची मर्यादा २६० अक्षरांची आहे. पॅकेजेस फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाने ठेवलं की हे जातं.

अपडेटनंतर स्क्रीन काळी किंवा रेडिओ मेलेला: आधी लिव्हऱ्या (विमानाच्या रंगसंगतीच्या फाईली) काढा. जुनी लिव्हरी बऱ्याचदा जुन्या पॅनलची फाईल सोबत घेऊन फिरते आणि नव्या पॅनलवर ती बसवते. नंतर रेडिओचे मोड काढा. एकाच गार्मिन उपकरणाचे दोन मोड कम्युनिटीत असले की दोघे भांडतात. तरीही नाही सुटलं तर कम्युनिटीचं नाव बदलून रिकामं फोल्डर ठेवा, फक्त ते एक विमान टाका, चालतंय का बघा, मग निम्मे-निम्मे करून बाकीचे परत आणा.

सिमचं मोठं अपडेट झाल्यावर गुंतागुंतीचं विमान पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतं, कारण त्याचा आतला कोड तुमच्या मशीनसाठी नव्याने तयार होत असतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पळताना दिसत असेल तर बंद पाडू नका.

तुमच्या १६ जीबी रॅमवर गोल गेजचं विमान काचेच्या कॉकपिटपेक्षा हलकं जाईल. जी१००० घेतलंत तर ग्राफिक्समधला ग्लास कॉकपिटचा रिफ्रेश रेट मध्यम करा, डोळ्याला फरक कळत नाही, फ्रेम सुधारतात.

२०२४ साठी थांबू नका, पण घेताना विमानाच्या पानावर २०२४ बद्दल काय लिहिलंय ते वाचा. ‘चालतं’ आणि ‘२०२४ साठी बनवलंय’ यांत अंतर आहे. विमानाभोवती फिरून तपासणी करण्यासारख्या नव्या सोयी जुन्या विमानाला आपोआप मिळत नाहीत. शिवाय २०२४ बराचसा मजकूर नेटवरून ओढतो, तेव्हा जोडणी कशी आहे ते घरचं गणित.

उत्तरवारा

एक्स-प्लेन १२ चं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. तिथे गोल गेजवाली १७२ मूळ सिमसोबतच येते, आणि तिच्यावर सिमकोडर्सचं रिॲलिटी एक्स्पान्शन पॅक चढवलं की इंजिन सुरू करण्याचे नखरे, झीज, देखभाल सगळं येतं. वॉरियर आणि ॲरोही तिकडे आहेत. मोफत डेमो आहे, जॉयस्टिक जोडून बघायला पुरेसा. फक्त सह्याद्री बघायचा असेल तर उपग्रह-चित्रं स्वतः उतरवून जमवावी लागतात, डिस्कवर भरपूर जागा खातात. तुमचा हेतू नकाशावरून उडण्याचा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच बरं.

सागरगड

सगळ्यांचे आभार. १५२ वर चाचण्या सुरू केल्या. तीन ठिकाणी अडलोय.

मिक्श्चर कितीही मागे घेतलं तरी आरपीएम हलत नाही, अगदी शेवटी इंजिन बंद पडतं. स्लायडर स्थिर ठेवूनही थ्रॉटल मधूनमधून उडी मारतो. आणि पुण्याहून कोकणात उतरताना घाटाच्या अलीकडेच विमान खाली ओढलं जातं, चढत ठेवलं तरी. शेवटचं सिमचं बिघडलंय की वारा?

कार्ब हीट

मिक्श्चर: सहाय्याच्या यादीत ऑटो-मिक्श्चर चालू आहे, ते बंद करा. त्याच फेरीत जनरलमध्ये फ्लाइट मॉडेल ‘मॉडर्न’वर आहे का बघा. मग ३००० फुटांच्या वर, स्थिर उड्डाणात, मिक्श्चर सावकाश मागे घ्या. आरपीएम थोडं वाढेल, शिखरावर जाईल, मग इंजिन खडबडेल. तिथून गुळगुळीत होईपर्यंत परत पुढे. उतरताना ते घट्ट करत यायला विसरू नका.

हे जमलं की कार्ब हीटची सवय लावा. बर्फ धरायला थंडी लागते हा गैरसमज आहे. कार्ब्युरेटरच्या आत हवा प्रसरण पावते, इंधनाची वाफ होते, तापमान कितीतरी अंशांनी खाली जातं. कोकणात पावसाळ्यात २५ अंश आणि दमट हवा असताना, उतरणीच्या कमी शक्तीवर, धोका चांगलाच असतो. ठराविक पिचच्या पंख्यावर पहिली खूण म्हणजे आरपीएम हळूहळू घसरणं. हीट पूर्ण चालू केली की ते आणखी पडतं, इंजिन खडखडतं कारण वितळलेलं पाणी आत जातं, आणि मग आधीपेक्षा वर येतं. खडखड ऐकून घाबरून हीट बंद करणं हीच खरी चूक. कोमँचीसारख्या स्थिर गतीच्या पंख्यावर आरपीएम हलणार नाही, मॅनिफोल्ड प्रेशर घसरेल. घेणार असलेलं विमान हे दाखवतं का, ते विकत घेण्याआधी विचारा.

डावा मॅग्नेटो

थ्रॉटलची उडी: कंट्रोल्समध्ये प्रत्येक उपकरण एकेक करून निवडा आणि थ्रॉटल ॲक्सिस कुठे कुठे लावलाय ते शोधा. एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडलेला असेल तर सिम त्यालाही आपणहून थ्रॉटल देऊन टाकतो, आणि दोघे एकमेकांवर आकडे ओततात. दुसरीकडचं पुसून टाका. एकच जागा असूनही उडी येत असेल तर स्लायडरच्या पोटेन्शियोमीटरवर धूळ आहे. स्लायडर टोकापासून टोकापर्यंत पन्नासेक वेळा झपाझप फिरवा, बऱ्याचदा तेवढ्याने जातं. नाहीच गेलं तर त्या ॲक्सिसची रिॲक्टिव्हिटी कमी करा, म्हणजे बारीक थरथर गाळली जाते.

घाटाचं: वारा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून. कोकणाच्या बाजूने तो कड्याला आपटून वर चढतो, देशाच्या बाजूला सांडतो. तुम्ही पुण्याहून पश्चिमेला जाताय म्हणजे कड्याकडे वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने येताय, नेमके खाली सांडणाऱ्या हवेतून, आणि समोरून वारा असल्याने त्यातून बाहेर पडायलाही वेळ लागतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. तिथल्या भागात ५५०० वर जाऊ नका, कड्याच्या टोकावर दोन हजार फूट शिल्लक ठेवून चला, आणि ती उंची कड्यापासून दहा मैल आधी गाठा. कड्याकडे सरळ न जाता ४५ अंशांनी तिरके जा, म्हणजे ओढलं जाताच उतरत्या जमिनीकडे वळायला अर्धंच वळण लागतं. नाक वर करून चढण्याचा हट्ट केला तर १५२ वर वेग संपतो. वेग ६७ नॉटच्या खाली जाऊ देऊ नका.

उलट दिशेने, कोकणातून देशावर येताना, हीच हवा तुम्हाला फुकटात चढवते आणि कडा ओलांडल्याबरोबर सोडून देते. तेव्हा ओलांडल्या-ओलांडल्या उतरायला लागू नका.

सागरगड

ऑटो-मिक्श्चरच होतं. थ्रॉटलही कंट्रोलरमुळे. वाऱ्याचं उत्तर आवडलं.

यादी काढली: चौघांचं वजन, लांबचा पल्ला आणि जास्त बारकाईचं इंजिन. एका स्लायडरवर जायचं म्हणून वॉरियर ठरवतोय, साइटवरून. १५२ वरून तिकडे जाताना हाताच्या कोणत्या सवयी बदलाव्या लागतील?

धावपट्टी २७

फ्लॅपचा दांडा हाताचा, ०, १०, २५, ४० असे टप्पे. बटणाने लावा, पण ४० एकदम लावू नका, विमान आधी वर उचलतं. पूर्ण फ्लॅपवर अंतिम टप्प्याचा वेग ६३ नॉट. पाच-सात नॉट जास्त घेऊन आलात तर पंख खाली असल्याने जमिनीजवळ विमान तरंगत राहतं आणि जुहूसारख्या साडेअकराशे मीटरच्या धावपट्टीवर निम्मी धावपट्टी खाऊन टाकतं.

कार्ब हीटची सवय उलटी. सेस्नामध्ये थ्रॉटल मागे घेण्याआधी ती लावतात. पायपरचं पुस्तक उतरताना बर्फाची खूण असेल तरच लावा म्हणतं.

आणि इंधन. १५२ मध्ये दोन्ही टाक्या एकत्र वाहतात, फक्त चालू-बंद. वॉरियरला डावी किंवा उजवी, ‘दोन्ही’ नाहीच. एकाच टाकीवर राहिलात तर एक पंख जड होतो, ऑटोपायलट नसताना ते मनगटाला कळतं, आणि टाकी संपली की इंजिन जातं, शेजारची भरलेली असली तरी. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावा. बदलताना विजेचा पंप चालू, टाकी बदला, इंधनाच्या दाबाच्या गेजवर नजर, काटा हिरव्यात स्थिरावला की पंप बंद, बंद केल्यावर पुन्हा एकदा काट्याकडे. टाकी बदलण्याची वेळ धावपट्टीच्या पॅटर्नमध्ये येऊ देऊ नका, जास्त भरलेल्या टाकीवर आधीच जाऊन बसा.